तुमच्या प्रोसेसरला साजेसे कंपायलर फ्लॅग कसे निवडायचे

जीसीसी या कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाला, तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर बहुतेक लिनक्स डिस्ट्रोंवर तो असा प्रोग्राम बनवतो जो २००३ सालच्या प्रोसेसरवरही चालेल. त्या वर्षी एएमडीने ऑप्टेरॉन हा पहिला एक्स८६-६४ प्रोसेसर आणला. त्याला जेवढ्या इन्स्ट्रक्शन्स समजायच्या, साधारण तेवढ्याच आजही सगळ्या ६४-बिट पीसींचा समान पाया मानल्या जातात. पाया म्हणजे एसएसई२ पर्यंतच्या इन्स्ट्रक्शन्स (एसएसई आणि पुढची एव्हीएक्स ही एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन्सची घराणी). पुढच्या वीस वर्षांत प्रोसेसरमध्ये बरंच काही आलं: एसएसई४, पॉपकाउंट, एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए. हे सगळं तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, त्याचे पैसे तुम्ही मोजलेत, आणि तरीही तुम्ही स्वतः कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये त्यातलं काहीच वापरलं जात नाही.

ते कसं वापरायचं, हे या लेखात पायरीपायरीने सांगतो. लेख लिनक्स, जीसीसी आणि इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर धरून लिहिला आहे. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर, क्लँग या दुसऱ्या कंपायलरलाही यातले बहुतेक फ्लॅग, म्हणजे कमांडमध्ये कंपायलरला दिलेल्या सूचना, तसेच चालतात. एआरएमच्या बोर्डांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी टायपिंगबद्दल. इथे कमांड आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमन टाइप करायचे. -एमआर्च या फ्लॅगमध्ये आधी 'एम' हे एक अक्षर आणि त्याला जोडूनच आर्किटेक्चरचं 'आर्च' हे लघुरूप येतं. -ओ२ मधला ओ कॅपिटल आहे. लहान ओ हा वेगळा फ्लॅग आहे, तयार होणाऱ्या फाइलला नाव देण्यासाठी. -ओ२ लिहिताना चुकून लहान ओ पडला तर कंपायलर कसलीही तक्रार करत नाही, पण ऑप्टिमायझेशनही होत नाही. नव्या माणसाचा तास-दोन तास यात सहज जातो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पायरी १: प्रोग्राम कुठे चालणार आहे?

बहुतेक जण 'माझा प्रोसेसर कोणता' इथून सुरुवात करतात. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: ही तयार फाइल कोणकोणत्या मशीनवर चालणार आहे? फ्लॅगची निवड ऐंशी टक्के याच उत्तरावर ठरते.

फाइल फक्त तुमच्याच मशीनवर चालणार असेल तर काम सोपं आहे. तिथे नेटिव्ह वापरायचं, म्हणजे प्रोसेसर ओळखायचं काम कंपायलरवरच सोपवायचं. ती ऑफिसातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या दहा-वीस मशीनवर चालणार असेल, तर त्यांतल्या सगळ्यांत कमी क्षमतेच्या मशीनचा विचार करायचा. आणि ती डाउनलोडसाठी ठेवणार असाल, कोण कुठे चालवेल याचा पत्ताच नसेल, तर प्रोसेसरसाठी खास फ्लॅग देण्याआधी दहा वेळा विचार करा. या तिघांसाठीच्या वाटा पुढे वेगवेगळ्या होतात.

एक समज इथेच दूर करायला हवा. 'नव्या प्रोसेसरला जुन्याचं सगळं येतं' हे नेहमी खरं नसतं. इंटेलच्या अकराव्या पिढीतल्या टायगर लेक लॅपटॉपमध्ये एव्हीएक्स-५१२ आहे. बाराव्या पिढीतल्या अल्डर लेकमध्ये मोठ्या कोअरबरोबर लहान कोअर आले, लहान कोअरना एव्हीएक्स-५१२ येत नाही, आणि इंटेलने ती सोय त्या प्रोसेसरमध्ये बंद केली. म्हणजे अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवर नेटिव्ह वापरून बनवलेला प्रोग्राम बाराव्या पिढीच्या नव्याकोऱ्या मशीनवर कोसळू शकतो. एएमडीच्या बुलडोझर घराण्यात एफएमए४ होतं, झेन आल्यावर ते गेलं. त्यामुळे नुसती पिढी पाहून निर्णय घेऊ नका, यादी पाहा.

पायरी २: प्रोसेसरची यादी वाचा

टर्मिनलमध्ये ही कमांड द्या:

एलएससीपीयू

'मॉडेल नेम'च्या ओळीत प्रोसेसरचं पूर्ण नाव मिळतं. 'आय५' एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण आय५ २००९ पासून विकले जात आहेत. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा. आय५-४ हजारांच्या मालिकेतला असेल तर हॅसवेल, २०१३ च्या सुमाराचा. ६ हजारांच्या मालिकेतला असेल तर स्कायलेक. रायझेनच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. एकाच मालिकेत झेनच्या दोन पिढ्या मिसळलेल्या सापडतात.

त्याच उत्तरात खाली 'फ्लॅग्ज' अशी लांबलचक ओळ असते. तिथले फ्लॅग म्हणजे प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी. आपण निवडणार आहोत ते कंपायलरचे फ्लॅग वेगळे. हीच यादी /प्रॉक/सीपीयूइन्फो या फाइलमध्येही मिळते. तिच्यात ही नावं शोधा: एसएसई४_२, पॉपसीएनटी, एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय२, आणि एव्हीएक्स५१२ ने सुरू होणारं काही आहे का. यातली काही नावं फसवी आहेत. एसएसई३ शोधून सापडणार नाही, कारण लिनक्स त्याला 'पीएनआय' म्हणतो. एलझेडसीएनटी ही इन्स्ट्रक्शन 'एबीएम' नावाखाली लपलेली असते.

यादी प्रत्यक्ष वाचायचं आणखी एक कारण आहे. इंटेलने पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकलेल्या कित्येक स्वस्त प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ ठेवलं नव्हतं, जरी आतली पिढी हॅसवेलची किंवा स्कायलेकची असली तरी. शाळा-कॉलेजच्या संगणक कक्षांतून आणि सेकंडहँड बाजारातून आलेल्या मशीनमध्ये असे प्रोसेसर बरेच दिसतात. तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करत असाल तर तिथलीही यादी वेगळी असू शकते, कारण पाहुण्या सिस्टिमला काय दाखवायचं हे व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपरव्हायजर ठरवतो.

पायरी ३: ऑप्टिमायझेशनची पातळी

प्रोसेसरशी संबंधित फ्लॅग देण्याआधी साधी पातळी ठरवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. काहीच न देता कंपाइल केलं की -ओ० लागू होतं, म्हणजे ऑप्टिमायझेशन जवळजवळ बंद. तिथून -ओ२ वर गेल्यावर जो फरक पडतो, तो पुढच्या सगळ्या फ्लॅगांच्या एकत्रित फरकापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. -ओ० ठेवून प्रोसेसरचे फ्लॅग देणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

रोजच्या कामासाठी -ओ२ घ्या. बहुतेक डिस्ट्रो आपली पॅकेजं याच पातळीवर किंवा तिच्या आसपास बनवतात, त्यामुळे जगातला सगळ्यांत जास्त तपासून झालेला कोड या पातळीचा असतो. चुका शोधत असाल तर -ओजी. फाइलचा आकार लहान हवा असेल तर -ओएस.

-ओ३ मध्ये कंपायलर लूप अधिक हिरिरीने उलगडतो, फंक्शन जागच्या जागी ओततो, आणि एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारा कोड बनवतो. गणिती लूप असतील तर हे उपयोगी पडतं. पण कोड फुगतो, आणि फुगलेला कोड प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये (आतल्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावला नाही तर प्रोग्राम -ओ२ पेक्षा हळू होऊ शकतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे इथे तंतोतंत लागू होतं. २०२२ च्या जीसीसी १२ पासून -ओ२ मध्येही थोडं व्हेक्टरायझेशन, म्हणजे अनेक आकड्यांवर एकदम काम करणारा कोड बनवणं, होऊ लागलं आहे, अगदी सावधपणे. त्यामुळे दोन्हींतलं अंतर पूर्वीपेक्षा कमी झालं आहे.

-ओफास्टला आत्ता हात लावू नका. त्याच्याबद्दल पाचव्या पायरीनंतर सविस्तर सांगतो.

पायरी ४: -एमआर्च आणि -एमट्यून

या दोन फ्लॅगांत नवे लोक सतत गल्लत करतात.

-एमआर्च कंपायलरला सांगतो की कोणत्या इन्स्ट्रक्शन्स वापरायची परवानगी आहे. -एमआर्च=हॅसवेल दिलं की कंपायलर एव्हीएक्स२ आणि एफएमए बिनधास्त वापरतो, आणि तो प्रोग्राम ज्या प्रोसेसरला त्या इन्स्ट्रक्शन्स येत नाहीत त्यावर चालेलच याची काही हमी उरत नाही. -एमट्यून नवीन इन्स्ट्रक्शन्सची परवानगी देत नाही. आहेत त्याच इन्स्ट्रक्शन्स कोणत्या क्रमाने लावल्या, दोन पर्यायांतला कोणता निवडला की अमुक प्रोसेसर जोरात चालेल, एवढाच हिशेब तो बदलतो. -एमट्यून चुकीचं निवडलं तर प्रोग्राम फार तर थोडा हळू होईल. -एमआर्च चुकीचं निवडलं तर तो कोसळेल.

-एमआर्चमध्ये प्रोसेसरचं नाव दिलं की -एमट्यूनही आपोआप त्याच प्रोसेसरचं होतं, त्यामुळे दोन्ही लिहायची गरज नसते. एक्स८६ वर -एमसीपीयू हे -एमट्यूनचंच जुनं, आता टाळायचं नाव आहे. जुन्या लेखांत ते दिसलं तर सोडून द्या.

तुमच्याच मशीनसाठी कंपाइल करत असाल तर एवढं पुरतं:

जीसीसी -ओ२ -एमआर्च=नेटिव्ह हिशोब.सी -ओ हिशोब

इथला शेवटचा ओ लहान.

नेटिव्ह म्हटल्यावर कंपायलर प्रोसेसरलाच विचारतो आणि उत्तराप्रमाणे नाव, इन्स्ट्रक्शन्सची यादी आणि कॅशचे आकार स्वतः भरतो. त्याने काय ठरवलं हे पाहायचं असेल तर:

जीसीसी -एमआर्च=नेटिव्ह -क्यू --हेल्प=टार्गेट

इथला क्यू कॅपिटल. उत्तर लांब येतं. त्यात 'एमआर्च'ची ओळ शोधा. तिथे स्कायलेक, हॅसवेल, झेडएनव्हर२ असं काहीतरी नाव दिसेल. झेडएनव्हर हे एएमडीच्या झेन घराण्याला जीसीसीने दिलेलं नाव: झेडएनव्हर१ म्हणजे २०१७ चा झेन, झेडएनव्हर३ म्हणजे २०२० चा झेन ३. तिथे तुमच्या प्रोसेसरपेक्षा जुनं नाव दिसलं तर बहुधा तुमचा कंपायलर जुना आहे. झेन ४ साठी जीसीसी १३ घेतलेला बरा, झेन ५ साठी १४. जुन्या कंपायलरलाही नेटिव्ह दिल्यावर त्याच्या माहितीतल्या इन्स्ट्रक्शन्स सापडतात, फक्त ट्यूनिंग जुन्या नातेवाइकाचं लागतं.

'मग नाव हाताने का लिहायचं?' असं कुणी विचारेल. एका मशीनवर कंपाइल करून दुसऱ्यावर चालवायचं असेल तर नाव लिहावंच लागतं. आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर तीच फाइल पुन्हा तशीच बनवायची असेल, तर नेटिव्ह उपयोगाचं नाही, कारण त्याचा अर्थ प्रत्येक मशीनवर बदलतो.

पायरी ५: मोजा

फ्लॅग बदलले आणि 'जरा चपळ वाटतंय' असं म्हणून पुढे गेलं, की या साऱ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. फरक कुठे पडतो आणि कुठे पडत नाही हे कळायला दोन-तीन छोटे प्रोग्राम स्वतः लिहून पाहावेत. कोणत्याही लेखापेक्षा त्यातून जास्त कळतं.

पहिला प्रयोग: एका ६४-बिट आकड्यात किती बिट १ आहेत हे मोजणारं जीसीसीचं अंगभूत फंक्शन आहे, बिल्टइन पॉपकाउंट. ते मोठ्या लूपमध्ये चालवा. फक्त -ओ२ दिलं तर जीसीसी त्यासाठी आपल्या लायब्ररीतलं एक फंक्शन बोलावतो, कारण २००३ च्या पायात ही इन्स्ट्रक्शन नव्हती. -एमआर्च=नेटिव्ह दिलं की त्या जागी एकच इन्स्ट्रक्शन येते. -एस देऊन, इथेही एस कॅपिटल, असेंब्लीची फाइल तयार करा आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहा. असेंब्ली येत नसली तरी फरक नजरेत भरतो.

दुसरा प्रयोग: पूर्णांकांच्या ॲरेची बेरीज. ॲरे लहान ठेवा, कॅशमध्ये मावेल एवढा, आणि बेरीज पुन्हा पुन्हा करा. -ओ३ वर एसएसई२ च्या १२८-बिट रजिस्टरात ३२-बिटचे चार आकडे एका वेळी बेरजेला बसतात. एव्हीएक्स२ च्या २५६-बिट रजिस्टरात आठ. आता तोच ॲरे वाढवत वाढवत कॅशच्या कितीतरी पट मोठा करा. दोन्हींतलं अंतर आटत जातं, कारण आता प्रोसेसर आकड्यांची वाट पाहत बसलेला असतो आणि रॅममधून ते त्याच गतीने येतात. ज्या प्रोग्रामचा वेळ मेमरीत, डिस्कवर किंवा नेटवर्कवर जातो, त्याला प्रोसेसरचे फ्लॅग वाचवू शकत नाहीत.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तीच बेरीज पूर्णांकांऐवजी फ्लोटची करा. -ओ३ आणि नेटिव्ह दोन्ही देऊनही ती पूर्णांकांसारखी आठपट रुंद होत नाही. -एफऑप्ट-इन्फो-व्हेक-मिस्ड हा फ्लॅग देऊन कंपायलरला कारण विचारा. फ्लोटच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटच्या अंकांतलं उत्तर बदलतं, कारण प्रत्येक बेरजेनंतर आकडा राउंड होतो, म्हणजे साठवता येईल अशा जवळच्या किमतीवर आणला जातो. तुम्ही लिहिलेला क्रम मोडायचा अधिकार कंपायलरला नाही, म्हणून तो मोडत नाही. हे पाळणं बरोबरच आहे, आणि हे समजलं की फास्ट-मॅथ म्हणजे काय ते आपोआप समजतं.

मोजताना थोडी शिस्त पाळा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या. ब्राउझर बंद करा. एकदा मोजून थांबू नका. पर्फ हे वेळ मोजणारं लिनक्सचं साधन असेल तर:

पर्फ स्टॅट -आर १० ./हिशोब

यात प्रोग्राम दहा वेळा चालतो आणि सरासरीबरोबर उत्तरं किती इकडेतिकडे होतात तेही कळतं. दोन फ्लॅगांतला फरक त्या चढउतारापेक्षा लहान असेल, तर तुमच्यासाठी तो फरक नाहीच असं समजा. उन्हाळ्यात पंखा नीट न चालणारा पातळ लॅपटॉप पाच मिनिटांनी स्वतःचा वेग उतरवतो, तेव्हा दोन्ही फाइली आलटून पालटून चालवा; आधी सगळ्या एकीच्या आणि मग सगळ्या दुसरीच्या, असं करू नका.

फास्ट-मॅथपासून जपून

-एफफास्ट-मॅथ दिलं, किंवा तो ज्यात सामावलेला आहे ते -ओफास्ट दिलं, की कंपायलर काही गृहीतं धरतो: बेरजेचा क्रम बदलला तरी चालेल, अनंत कधी येणार नाही, आणि 'नॅन', म्हणजे आकडा नसलेली किंमत, कधी येणार नाही. शेवटचं गृहीत सगळ्यांत घातक. पावसाच्या नोंदींचा विचार करा. ज्या दिवसाची नोंद नाही तिथे नॅन भरायची पद्धत सर्रास आहे, आणि प्रोग्राममध्ये 'ही किंमत नॅन असेल तर वगळ' अशी ओळ असते. फास्ट-मॅथमध्ये कंपायलर ती ओळ निरर्थक ठरवून काढून टाकू शकतो. प्रोग्राम कोसळत नाही, फक्त चुकीचं उत्तर देतो. कोसळणारा प्रोग्राम परवडला.

जीसीसी १३ च्या आधी आणखी एक अडचण होती. एखादी शेअर्ड लायब्ररी फास्ट-मॅथने लिंक केलेली असेल, तर ती लोड होताच प्रोसेसरचं अतिसूक्ष्म आकडे हाताळण्याचं सेटिंग बदलायची. म्हणजे फटका तुमच्या निर्दोष कोडलाही बसायचा.

वेग हवाच असेल तर सौम्य पर्याय आहेत. -एफनो-मॅथ-एर्नो दिलं की वर्गमूळासारखी फंक्शन्स थेट प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनवर जातात, आणि उत्तरं बदलत नाहीत. ज्या एका फाइलमधल्या लूपची तुम्हाला पूर्ण खात्री आहे, तेवढ्याच फाइलला फास्ट-मॅथ द्या. सगळ्या प्रकल्पाला कधीही नाही.

आणि एक बारकावा, जो बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसतो. फास्ट-मॅथ अजिबात न देता, नुसतं -एमआर्च=नेटिव्ह दिल्यानेही दशांशातले शेवटचे अंक बदलू शकतात. कारण एफएमए. गुणाकार आणि बेरीज एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये झाली की मधलं राउंडिंग होत नाही. उत्तर बहुधा अधिक अचूक येतं, पण वेगळं येतं, आणि जीसीसी आपल्या नेहमीच्या सी बोलीत ही सूट स्वतःहून घेतो. दोन मशीनवर तंतोतंत तीच उत्तरं हवी असतील, तर -एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ द्या. संशोधनाचे निकाल पडताळणाऱ्यांनी हा फ्लॅग लक्षात ठेवावाच.

फाइल इतरांना द्यायची असेल

२०२० मध्ये एक्स८६-६४ च्या चार पातळ्या ठरवल्या गेल्या. जीसीसी ११ आणि क्लँग १२ पासून त्यांची नावं थेट -एमआर्चला देता येतात. पहिली म्हणजे जुना पाया. एक्स८६-६४-व्ही२ मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट येतात. व्ही३ मध्ये एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय१ आणि बीएमआय२. म्हणजे साधारण हॅसवेल आणि झेनपासून पुढे. व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२ चे मुख्य भाग. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला किमान व्ही२ लागतं, १० ला व्ही३. तुमचं मशीन कुठल्या पातळीला बसतं हे २.३३ किंवा त्यानंतरची ग्लिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) असेल तर तिचा लोडरच, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारा भागच, सांगतो:

/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --हेल्प

उत्तराच्या शेवटाकडे पातळ्यांची यादी येते आणि ज्या चालतील त्यांच्यापुढे तसं लिहिलेलं असतं.

ऑफिसातल्या ठरावीक मशीनसाठी व्ही३ छान आहे, अर्थात प्रत्येक मशीनची यादी तपासून. अनोळखी लोकांना देताना मी पायावरच थांबेन, नाहीतर व्ही२ वर. ग्रामीण भागातल्या शाळेत अजून सेवा देणारा दहा-बारा वर्षांपूर्वीचा पेंटियम तुमच्या प्रोग्रामबाहेर पडू नये, याला माझ्या लेखी काही टक्के वेगापेक्षा जास्त किंमत आहे. शिवाय दोन्ही साधता येतं. जीसीसीत 'टार्गेट क्लोन्स' नावाचं ॲट्रिब्यूट आहे. ते एखाद्या फंक्शनला लावलं की त्याच्या अनेक प्रती बनतात आणि प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर पाहून योग्य ती निवडली जाते. जड काम करणारी दोन-तीन फंक्शन्स अशी केली की पुरतं.

नामांकित लायब्ऱ्या हेच आधीपासून करतात. ग्लिबसीतली मेमरी कॉपी करणारी फंक्शन्स, गणितासाठीची ओपनब्लास, व्हिडिओसाठीचा एफएफएमपेग हे सगळे चालू असताना प्रोसेसर ओळखून एव्हीएक्स२ वापरतात. त्यामुळे एफएफएमपेग नेटिव्ह देऊन पुन्हा कंपाइल केलं आणि काहीच फरक पडला नाही, तर त्यात नवल नाही.

'इलीगल इन्स्ट्रक्शन' आलं तर

प्रोसेसरला न समजणारी इन्स्ट्रक्शन समोर आली की प्रोग्राम हा संदेश देऊन मरतो. शेलमध्ये त्याचा परतीचा कोड १३२ दिसतो. खात्री करायला प्रोग्राम जीडीबी या डीबगरमध्ये चालवा आणि कोसळल्यावर

एक्स/आय $पीसी

लिहा. जिथे अडलं ती इन्स्ट्रक्शन दिसेल. तिचं नाव 'व्ही'ने सुरू होत असेल तर बहुधा एव्हीएक्स घराण्यातली.

कारणं ठरलेली असतात. जुन्या मशीनची डिस्क काढून वेगळ्या मशीनला लावली. डॉकरची इमेज बिल्ड सर्व्हरवर नेटिव्ह देऊन बनवली आणि ती दुसऱ्याच प्रोसेसरवर चालवली. किंवा क्लस्टर. पुण्यात आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सामाईक महासंगणकांवर काम करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधीच समजून घ्यावं: कोणत्याही क्लस्टरमध्ये ज्या लॉगिन नोडवर आपण कंपाइल करतो आणि ज्या कंप्यूट नोडवर काम चालतं, त्यांचे प्रोसेसर सारखेच असतील असं गृहीत धरू नये. नेटिव्हला दिसतो तो लॉगिन नोड. कंप्यूट नोडवर छोटा जॉब टाकून एलएससीपीयू चालवा आणि तिथलं नाव हाताने लिहा, किंवा कंपाइलच तिथे करा.

सगळी सिस्टिम अशी बनवायची असेल तर

जेंटू, म्हणजे पॅकेजं स्वतः कंपाइल करायची लिनक्स डिस्ट्रो, वापरणारे हे रोज करतात. /ईटीसी/पोर्टेज/मेक.कॉन्फ या फाइलमध्ये कॉमन_फ्लॅग्ज या नावापुढे

-ओ२ -पाइप -एमआर्च=नेटिव्ह

एवढं लिहिलं की झालं. -पाइपने प्रोग्राम वेगवान होत नाही, फक्त कंपाइल करताना तात्पुरत्या फाइली टळतात. इथे -ओ३ किंवा फास्ट-मॅथ सगळ्या सिस्टिमला देण्याचा मोह होतो, तो आवरा. शेकडो पॅकेजांतलं कोणतं बिघडलं हे शोधण्यात जाणारा वेळ त्या वेगातून कधीच भरून निघत नाही. मशीन बदलणार असाल तर जुनं मशीन चालू असतानाच -एमआर्च खाली आणून सगळं पुन्हा कंपाइल करा, आणि मगच डिस्क हलवा.

एआरएमच्या बोर्डांवर

इथे -एमसीपीयू हा मुख्य फ्लॅग आहे. तो इन्स्ट्रक्शन्स आणि ट्यूनिंग दोन्ही ठरवतो. रास्पबेरी पाय ३ साठी -एमसीपीयू=कॉर्टेक्स-ए५३, पाय ४ साठी कॉर्टेक्स-ए७२, पाय ५ साठी कॉर्टेक्स-ए७६. पाय ४ च्या चिपमध्ये एईएसच्या कूटलेखन इन्स्ट्रक्शन्स नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. त्यामुळे कुठून तरी उचललेल्या फ्लॅगच्या शेवटी '+क्रिप्टो' असेल तर पाय ४ साठी तो काढा.

एवढं झाल्यावरही वेग हवा असेल

मग प्रोसेसरचे फ्लॅग सोडून दुसरीकडे पाहा. -एफएलटीओ दिलं की लिंक करताना सगळ्या फाइली एकत्र पाहून ऑप्टिमायझेशन होतं. त्याहून जोरकस म्हणजे पीजीओ: आधी -एफप्रोफाइल-जनरेट देऊन कंपाइल करा, प्रोग्रामला त्याचं नेहमीचं काम करायला लावा, मग -एफप्रोफाइल-यूज देऊन पुन्हा कंपाइल करा. कोणत्या फांदीवर प्रोग्राम जास्त वेळा जातो हे कंपायलरला आता अंदाजाऐवजी प्रत्यक्ष माहीत असतं. इंटरप्रिटर, डेटाबेस, पार्सर अशा फाट्याफाट्यांच्या कोडला एव्हीएक्स२ पेक्षा याचा उपयोग जास्त होतो. फायरफॉक्सचे अधिकृत बिल्ड असेच बनतात, आणि पायथन स्वतः कंपाइल करताना --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स हा पर्याय नेमकं हेच करतो.

शेवटी जे फ्लॅग ठरतील ते प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये लिहा, टर्मिनलच्या इतिहासात ठेवू नका. त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: जीसीसीची आवृत्ती, एलएससीपीयूचं उत्तर, -क्यू --हेल्प=टार्गेटचं उत्तर आणि तुम्ही मोजलेले वेळ. वर्षभराने नवा कंपायलर आला की त्याच चाचण्या पुन्हा चालवा आणि नवे आकडे जुन्यांच्या खाली लिहा.